मर्जीने आलेली माणसे



दिवाळी सरली की आपल्या चर्चसमोरच्या रस्त्याने ट्रक आणि ट्रॅक्टर येऊ लागतात. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, गोधड्यांची गाठोडी, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी, आणि या सगळ्या बाडबिस्ताऱ्यावर बसलेली माणसे. आठ दिवसांत कॅनॉलच्या पलीकडच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. “तोडकरी आले,” असे आपण म्हणतो आणि आपला ऊस कधी तुटणार याचा हिशेब करू लागतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून आपण घरी परततो, तेव्हा कधी कधी रस्त्याच्या कडेला बॅटरीच्या उजेडात त्यांचे ट्रक भरणे चालूच असते. आपण त्यांना पाहतो, तेही आपल्याला पाहतात. नमस्कार मात्र होत नाही.

गेल्या वर्षी धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत या लोकांचा विषय निघाला होता. विषय साधाच होता, चर्चच्या आवारातल्या नळाचा; त्याबद्दल शेवटी लिहितो. चर्चेत एक तरुण सभासद म्हणाला, “सर, त्यांना कोणी जबरदस्तीने आणलेले नाही. उचल घेतात, आपल्या मर्जीने येतात, हंगाम संपला की जातात. आपण किती मनाला लावून घ्यायचे?” त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. मीही मान डोलावली. पण घरी आल्यावर ‘मर्जी’ हा शब्द डोक्यातून जाईना. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, मुलांकडून शब्दार्थ पाठ करून घेतले. आणि या एका शब्दाचा अर्थ मला स्वतःला नीट ठाऊक नाही असे वाटू लागले. म्हणून हा लेख.

हे लोक काही फार लांबून येत नाहीत. बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज. आपल्याच जिल्ह्यातले पाथर्डी. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा मुलूख. जमीन मुरमाड आणि उताराची. पाऊस झाला तर बाजरी, तूर, कापूस, अलीकडे सोयाबीन. विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत, फार तर संक्रांतीपर्यंत. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या सावलीतला हा भाग असल्यामुळे दुष्काळ तिथे नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया आजही तिथल्या घराघरांत आजी म्हणून बसलेल्या आहेत.

नवे आहे ते पावसाचे वागणे. पूर्वीही तो दगा द्यायचा, पण आता त्याच्या दग्याचाही भरवसा राहिलेला नाही. २०१२ चा दुष्काळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरला. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे कोरडी गेली. २०१८ तसेच. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यावर आभाळ असे फाटले की सीना, मांजरा, गोदावरी यांच्या काठची गावे पाण्याखाली गेली आणि शेतातली माती खरडून निघून गेली. कोरडा दुष्काळ आणि ओला दुष्काळ एकाच दारात पाळीपाळीने येऊन उभे राहतात. हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते, एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यामुळे पावसात खंड पडला तर लांबलचक पडतो, आणि पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो. आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की पेरणी दोनदा करावी लागते आणि बियाण्याचे कर्जही दोनदा काढावे लागते.

आता एक गोष्ट मला आपल्यापुढे ठेवायची आहे, आणि ती आपल्याला फारशी आवडणार नाही. पाऊस त्यांच्याकडे कमी आणि आपल्याकडे जास्त, म्हणून ते आपल्याकडे येतात असे आपण समजतो. हे खरे नाही. आपणही पर्जन्यछायेतच राहतो. राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत पाऊस आष्टी-पाटोद्याहून जास्त पडत नाही. आपले रान हिरवे आहे ते १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे आणि प्रवरेच्या दोन कालव्यांमुळे. पाणी पडते अकोल्याच्या डोंगरात, आदिवासींच्या गावांवर. ते आडवले गेले आणि पाटाने आपल्यापर्यंत आणले गेले. पाट आला म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी. त्या वेळी आशियातला अशा प्रकारचा तो पहिला. यात वाईट काहीच नाही. या पाण्यावर आपली मुले शिकली, मीही शिकलो. पण दोन तालुक्यांवरचे आभाळ सारखेच असताना एका तालुक्यातले लोक ऊस लावतात आणि दुसऱ्यातले तो तोडायला येतात, तेव्हा ‘निसर्गाची करणी’ म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

केंद्र सरकारच्या कृषिमूल्य आयोगानेच दाखवून दिले आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या जेमतेम चार टक्के जमिनीवर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यातले निम्म्याहून बरेच अधिक पाणी तो पितो. एप्रिल २०१६ आठवा. लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी लातूरला पाणी नेले गेले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मिरज म्हणजे सांगलीचा ऊसपट्टा. त्या वर्षी पाणी सांगलीहून मराठवाड्यात गेले आणि त्याच हंगामात मराठवाड्यातली माणसे ट्रकमधून सांगली-कोल्हापूरच्या फडांवर राबून परत गेली. पाण्याच्या गाडीचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. माणसांच्या गाड्या दरवर्षीच्याच, त्यांचे फोटो कोण काढणार?

आणि जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण काय करतो? रास्ता रोको करतो. मीही एकदा उन्हात बसलो आहे. आपल्याही उभ्या पिकाचा प्रश्न असतो, ते खोटे नाही. जायकवाडीत पाणी गेले तरी ते काही बालाघाटाचा डोंगर चढून पाटोद्याला पोहोचत नाही, हेही खरे. पण त्या दिवशी आपण ज्यांच्याविरुद्ध घोषणा देत होतो त्यांचेच भाऊबंद आपल्या फडात कोयता चालवत होते, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आले नव्हते.

पाऊस सगळ्यांवर सारखाच रुसतो, पण त्याची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. बालाघाटातही ज्याची विहीर तळ्याच्या खाली आहे, ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, ज्याला बँक दारात उभे करते, तो गाव सोडत नाही. जातो तो कोरडवाहू दोन-तीन एकरवाला, किंवा ज्याला तेवढेही नाही. आणि ज्याची अंगमेहनतीचीही ताकद गेली आहे त्याला जाताही येत नाही. म्हातारी माणसे, आजारी माणसे, एखादी गर्भार सून, दोन-तीन नातवंडे मागे राहतात. हंगामात त्या गावांत गेलात तर गाव म्हाताऱ्या-पोरांचे झालेले दिसते. सगळ्यांत दुर्बळ माणूस स्थलांतर करत नाही, तो तिथेच राहतो, हे मला बरेच उशिरा समजले. आपल्यापर्यंत पोहोचतात ते त्यातल्या त्यात धडधाकट.

आता उचलीकडे वळतो, कारण ‘मर्जी’ तिथेच कागदावर येते. पावसाळ्यात, म्हणजे हाताला काम नसते आणि दुकानदार उधारी मागत असतो अशा वेळी, मुकादम उचल देतो. पन्नास हजार, कधी लाख, कधी त्याहूनही अधिक. ती एका माणसाला नव्हे, एका ‘कोयत्या’ला दिली जाते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवतात. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण ती मजुरी हातात पडत नाही, उचलीतून वळती होते. आजारी पडून एक दिवस बुडाला तर तो ‘खाडा’, त्याचा दंड. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी यायचेच. पहिल्या वर्षी दुष्काळाने आणले होते, दुसऱ्या वर्षी वहीने आणले.

त्या कोयत्याच्या अर्ध्या भागाला, म्हणजे बाईला, मुकादमाच्या वहीत स्वतःचे नावही नसते. ती पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवते, अंधारात फडात जाते, लहान मूल बांधाला निजवते. आपल्याकडे उसात बिबट्या असतो, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. शौचालय नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, कारण सुट्टी म्हणजे खाडा. २०१९ साली ही गोष्ट विधिमंडळात निघाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. कित्येक जणी ऐन तिशीतल्या होत्या. या बायकांनी ऑपरेशनच्या कागदावर अंगठा किंवा सही केली होती. म्हणजे तेही मर्जीनेच झाले, असे म्हणायचे का?

हा प्रश्न तत्त्वज्ञांना नवा नाही. ॲरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक उदाहरण दिले होते. वादळात सापडलेला जहाजाचा कप्तान जहाज वाचावे म्हणून सगळा माल समुद्रात टाकून देतो. त्याने ते आपल्या मर्जीने केले का? हात त्याचेच होते, निर्णयही त्याचाच. पण शुद्धीवर असलेला कोणता माणूस वादळ नसताना असे करील? ॲरिस्टॉटल म्हणतो, अशी कृत्ये मिश्र असतात. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनीही याच उदाहरणाचा विचार केला. आणि १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रात तो विचार मजुरीला लावला: गरजेपोटी, किंवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीपोटी मजुराने कठोर अटी मान्य केल्या असतील, तर त्या मान्यतेमुळे त्या अटी न्याय्य होत नाहीत, तो मजूर बळजबरीचाच बळी असतो. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी ‘लिओ’ हे नाव का घेतले याचे कारण सांगताना याच परिपत्राची आठवण काढली होती.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. तोडकरी बिचारे, त्यांची मर्जी खोटी, दोष मुकादमाचा आणि कारखान्याचा. पण माझ्या मनाला ते पटले नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्याच घरातले आहे.

आपले पूर्वज ख्रिस्ती कसे झाले? १८७६-७७ चा दुष्काळ आणि नंतर १८९६ पासून शतकाच्या शेवटापर्यंतचे दुष्काळ नगर जिल्ह्याने सोसले आहेत. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, जमीन नसलेल्या आपल्या पणजोबांच्या पिढीला त्या दुष्काळांनी सर्वांत आधी गाठले. सरकारी दुष्काळी कामांवर मजुरी इतकी कमी केली गेली की १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात लाखभर मजुरांनी ती कामे सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. अशा काळात कित्येक कुटुंबे गाव सोडून मिशनच्या आसऱ्याला आली. तेव्हापासून आजतागायत आपल्याला एक टोमणा ऐकावा लागतो: “पोटासाठी गेले.” शाळेत मुलांनी मला तो मारला आहे, आणि शिक्षक झाल्यावर शिक्षकांच्या खोलीतही मी तो ऐकला आहे, हसत हसत मारलेला.

या टोमण्याला आपण काय उत्तर देतो? आपण म्हणतो, भूक होती हे खरे, पण निवड आमच्या आजा-पणजांनी केली. त्यांना माणूस म्हणून वागवणारे दार कोणते आणि हाकलून देणारे कोणते हे त्यांना कळत होते. भुकेल्या माणसालाही डोके असते, मन असते. भुकेने त्याची निवड अवघड होते, खोटी होत नाही. मला वाटते हे आपले उत्तर बरोबर आहे. पण मग तेच उत्तर कॅनॉलपलीकडच्या कोपीतल्या माणसालाही लागू करायला हवे. आष्टीचा माणूस उचल घेतो तेव्हा तो मेंढरू नसतो. मुलीच्या शाळेची फी, बापाचे ऑपरेशन, विहिरीचे राहिलेले बांधकाम असा हिशेब त्याने केलेला असतो. त्याची कीव करून “तुला काही कळत नव्हते” असे म्हणणे हा एक वेगळाच अपमान आहे.

म्हणजे त्याची मर्जी खरी आहे आणि त्याचा नाइलाजही खराच आहे. मग त्या तरुण सभासदाच्या बोलण्यात चूक कुठे होती? मला वाटते ती अशी: ‘मर्जीने आले’ हे आपण त्यांच्याविषयी बोलतो, पण त्यातून निष्कर्ष काढतो तो आपल्याविषयी, की म्हणून आपण काही लागत नाही. ते मर्जीने आले की नाइलाजाने, याचा निवाडा करण्याची आपल्याला गरजच नाही. आपल्याला विचारायचे आहे ते वेगळे. त्यांच्या नाइलाजाचा भाव आपण किती पाडला? ॲरिस्टॉटलच्या गोष्टीतले वादळ कोणीच आणलेले नव्हते. समुद्रात टाकलेला माल स्वस्तात उचलणारा व्यापारीही त्या गोष्टीत नाही. आपल्या गोष्टीत तो आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ती मी ऐकत नाही असे नाही, माझ्या घरात रोज ऐकतो. धाकट्या भावाचा दोन एकर ऊस आहे. तोडणीला वेळेवर टोळी मिळावी म्हणून त्याला वर ‘खुशाली’ द्यावी लागते, नाही दिली तर ऊस वाळतो आणि वजन घटते. शेजारच्या वस्तीवरच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून मुकादमाने लाखो रुपये उचल नेली आणि टोळी आलीच नाही. त्याचा ट्रॅक्टर बँकेने ओढून नेला. आता हार्वेस्टर येऊ लागले आहेत. एक यंत्र कितीतरी कोयत्यांचे काम करते. उचल नको, मुकादम नको, कोप्या नकोत, असे म्हणून कारखाने तिकडे वळत आहेत. तसे झाले तर या लेखातला प्रश्न मिटला असे काही जण म्हणतील. पण बालाघाटात पाऊस तसाच लहरी राहील आणि तिथल्या माणसाला नवरात्रात वाट पाहायला ट्रकही उरणार नाही.

जगभर असेच चालले आहे. जागतिक बँकेने २०२१ साली अंदाज दिला की हवामानबदलाने २०५० पर्यंत २१.६ कोटी लोकांना आपल्याच देशात दुसरीकडे जावे लागेल, आत्ताच काही केले नाही तर. दक्षिण आशियात यांपैकी सुमारे चार कोटी. कायद्याकडे या लोकांसाठी नाव नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांसाठी छळ होईल या भीतीने परदेशात पळालेला माणूस. पाऊस छळ करत नाही, आणि आष्टीचा माणूस सीमा ओलांडत नाही. आपल्याकडे १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, तो राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी. बीडहून नगरला येणारा त्यातही बसला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात नेमकी हीच खंत व्यक्त केली होती, की निसर्गाच्या ऱ्हासाने गरीब झालेल्या आणि घर सोडलेल्या माणसांना कोणताही करार निर्वासित मानत नाही.

पवित्र शास्त्रात मात्र अशी माणसे पानोपानी आहेत. अब्राहाम दुष्काळामुळे मिसरात गेला. याकोबाचे मुलगे धान्यासाठी गेले. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचे घर, पण त्या घरातच दुष्काळ पडला आणि नामीचे कुटुंब मवाबात गेले. परतताना तिच्याबरोबर परदेशी सून रूथ आली आणि ती बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली. या सरव्याविषयी मी लहानपणापासून उपदेशात ऐकत आलो, पण एक बारकावा निसटला होता. नियमशास्त्रात शेतकऱ्याला ‘गरिबाला दान दे’ एवढेच सांगितलेले नाही. शेताचे कोपरे कापू नको, पडलेली कणसे उचलू नको, ती परक्याची, अनाथाची, विधवेची आहेत, असे आहे. म्हणजे बवाजाने रूथला आपले काही दिले नाही, तिचे होते ते तिला नेऊ दिले. वर त्याने मजुरांना तिला त्रास न देण्याची ताकीद दिली आणि तहान लागेल तेव्हा मजुरांनी भरलेले पाणी पिण्यास सांगितले, हे त्याच्या पदरचे.

उसालाही आपल्याकडे असा सरवा आहे. वाढे. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला तोडकऱ्याचा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. तो आपल्या बैलांना घालतो, उरलेले विकून मीठ-मिरची आणतो. अलीकडे चारा महागला तशी आपल्यातलीही काही मंडळी वाढ्यांवर हक्क सांगू लागली आहेत. कोणाचे नाव घेत नाही. आमच्या बांधावरही हा वाद झाला आहे.

आता नळाचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कोप्यांतल्या बाया संध्याकाळी चर्चच्या आवारातल्या नळावर हंडे भरायला येत. चिखल व्हायचा, ग्रोटोच्या पायऱ्या ओल्या व्हायच्या, शनिवारी साफसफाई करणाऱ्या आपल्या भगिनींची तक्रार यायची. तोटी दोनदा तुटली. नळाला पत्र्याची पेटी बसवून कुलूप लावावे, असा ठराव बैठकीत आला. तो मीच मांडला होता. चर्चेत विरोध कोणी केला नाही. मला आठवते, कुलूप लावल्यावर तिसऱ्या दिवशी एक बाई रिकामा हंडा घेऊन आली, पेटीकडे पाहिले, कुलपाला हात लावला नाही, कोणाला विचारलेही नाही. हंडा काखेला घेऊन कॅनॉलकडे निघून गेली. मी शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होतो. हाक मारावी असे वाटले, पण काय म्हणून मारायची हे सुचले नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर परिषदेची बैठक आहे. फादरांनी नळाचा विषय पुन्हा घ्यायला मान्यता दिली आहे. नळाखाली फरशी आणि पाणी वाहून जायला पाट केला तर चिखल होणार नाही. गवंड्याने खर्चाचा अंदाज काढून दिला आहे, तो मी घेऊन येईन. कोप्यांतल्या मुलांना संध्याकाळी दोन तास शाळेच्या खोलीत बसवता येईल का, हेही विचारायचे आहे. शिकवायला मी आहे, आणखी दोघे मिळाले तर बरे. वाढ्यांबद्दल ज्यांना बोलायचे आहे त्यांनीही यावे.

तोपर्यंत कुलपाची चावी माझ्याकडेच आहे.